लाईट आहे तेव्हाच इलेक्ट्रिशियन शोधून ठेवा

वाचकांचे प्रश्न : घरातली वीज

पावसाळा सुरू झाला की ह्या सदराकडे येणारे प्रश्न एकदम वाढतात आणि निम्म्या पत्रांची सुरुवात सारखीच असते, "काल रात्री अचानक..." आणि शेवटही सारखाच, "ओळखीचं कोणी नव्हतं म्हणून मिळेल त्याला बोलावलं." मी आधी एकोणीस वर्षं वायरिंगची कामं केली आणि मग आयटीआयमध्ये वीजतंत्रीच्या पोरांना शिकवलं, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून बघितल्यात, घाबरलेलं गिऱ्हाईकही आणि रात्री अकराला जेवणावरून उठून आलेला पोरगाही. ह्यावेळी पत्रं जरा सविस्तर घेतली आहेत. नावं कोणाचीच देत नाही, गाव तेवढं दिलंय.

प्रश्न : मी ६८ वर्षांची आहे, डोंबिवलीला एकटी राहते, मुलगा अमेरिकेत असतो. मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला किचनच्या बोर्डातून चर्र चर्र आवाज यायला लागला, जळका वासही. नेहमीचा असा इलेक्ट्रिशियन नाही. मुलाने तिकडून मोबाईलवर शोधून एक नंबर पाठवला, दोन मुलं आली, त्यांनी एक सॉकेट बदललं आणि साडेतीन हजार रुपये घेतले, बिल नाही काही नाही. शेजारचे म्हणतात फार घेतले. माझं चुकलं का? परत असं झालं तर काय करू?

उत्तर : काकू, तुमचं काही चुकलेलं नाही. एकट्या बाईने रात्री जळका वास आल्यावर कोणालातरी बोलावलं हे बरोबरच केलंत, पैसे जास्त गेले ते गेले. पण त्या रात्री पहिलं काम इलेक्ट्रिशियन शोधायचं नव्हतं, मेन बंद करायचं होतं, आणि ते दोन सेकंदाचं काम आहे.

चर्र चर्र आवाज म्हणजे आत कुठंतरी स्क्रू ढिला झालाय आणि तिथं ठिणगी पडतेय. बहुतेक वेळा ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटमध्ये इंडक्शन किंवा ओव्हन लावलेला असतो, सॉकेट रोज तापतं, स्क्रू ढिला होतो, मग अजून तापतं, असं करत करत एक दिवस प्लास्टिक वितळतं. आणि लोकांना वाटतं काही झालं तर एमसीबी (करंट जास्त गेला की आपोआप पडणारा स्विच) पडेलच की, पण ढिल्या जोडात करंट वाढत नाही, फक्त उष्णता वाढते, त्यामुळे एमसीबी पडत नाही आणि बोर्ड जळत राहतो. म्हणून हाताने बंद करायचं. आवाज किंवा वास आला की त्या बोर्डाला हात लावायचा नाही, पाणी तर अजिबात मारायचं नाही, सरळ डीबीच्या डब्याजवळ (सगळ्या एमसीबी असतात तो) जाऊन किचनची एमसीबी खाली, कुठली ते कळत नसेल तर मेन खाली. बंद केल्यावर आवाज थांबला आणि धूर नाही तर आता ही इमर्जन्सी राहिलेली नाही. फक्त किचनची एमसीबी खाली केली असेल तर हॉलचे पंखे-दिवे चालू ठेवून झोपा, फ्रिज दुसऱ्या खोलीतल्या मोठ्या सॉकेटला लावा, सकाळी दहाला माणूस बोलवा. धूर थांबत नसेल किंवा ज्वाळा दिसली तर मात्र इलेक्ट्रिशियन नाही, १०१ ला फोन आणि घराबाहेर. घरात कोणाला ऑक्सिजनचं मशीन लागत असेल तर गोष्ट वेगळी, तिथं रात्रीही माणूस लागतो आणि त्याची सोय आधीच करून ठेवावी लागते.

आता माणूस. काकू, पुढच्या आठवड्यात, काहीही बिघडलेलं नसताना, घराजवळच्या इलेक्ट्रिकल दुकानात जा, जिथं वायरमन लोक स्वतः सामान घ्यायला येतात तिथं, आणि विचारा की तुमच्याकडे सामान घेणाऱ्यांपैकी तुमच्या स्वतःच्या घरी कोण काम करतं. हाच प्रश्न विचारा, "चांगला कोण" असं विचारलंत तर दुकानदार दहा नावं सांगेल. सोसायटीच्या पंपाचं आणि जिन्यातल्या दिव्यांचं काम कोण बघतो तेही विचारा. त्यातल्या एकाला एक छोटं काम द्या, पंख्याचा रेग्युलेटर बदल, एखादी बेल बसव, आणि तो काम कसा करतो ते नुसतं बघत बसा. हात लावायच्या आधी मेन बंद करून टेस्टरने बघतो का. जोड नीट पिळून टेप मारतो का नुसता गुंडाळतो. काढलेला पार्ट तुम्हाला दाखवतो का खिशात टाकतो. पैसे किती होतील ते आधी सांगतो का नंतर "बघा ना ताई काय द्यायचे ते" म्हणतो, हे शेवटचं ऐकायला गोड वाटतं पण दोघांनाही त्रासाचं असतं.

तो माणूस पटला की त्याच्याकडून अजून एक काम करून घ्या, डीबीतल्या प्रत्येक एमसीबीखाली मराठीत चिठ्ठी, हॉल, किचन, गीझर, बेडरूम. आणि मेन कुठली ते लाल पेनने. डब्याच्या बाजूला खिळ्याला टॉर्च. मुलगा अमेरिकेतून तुम्हाला फोनवर सांगू शकेल की "आई, किचन लिहिलंय ती खाली कर", हे त्याने तिकडून नंबर शोधण्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे. आणि ज्याला रात्री फोन केला तर तो पहिलं वाक्य "काकू आधी मेन बंद करा" असं बोलतो, "येतो, हजार रुपये व्हिजिट" असं नाही, तो तुमचा माणूस समजा.

प्रश्न : आमचं घर चिपळूणला. २०२१ च्या जुलैमधल्या पुरात घरात छातीएवढं पाणी होतं. नंतर सगळं वाळवून तीच वायरिंग चालू केली. तेव्हापासून दर पावसाळ्यात ईएलसीबी पडते, कधी दिवसातून पाच वेळा. तीन इलेक्ट्रिशियन झाले. पहिला म्हणाला ईएलसीबी खराब आहे, बदलली, तरी तेच. दुसरा म्हणाला तुमच्याकडे अर्थिंग जास्त झालंय. तिसऱ्याने ती डायरेक्ट केली, आता लाईट जात नाही. घरात दोन लहान मुलं आहेत म्हणून मनात धाकधूक आहे. काय करावं?

उत्तर : दादा, हे वाचल्यावर आजच तुमच्या पहिल्या किंवा दुसऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि ती डायरेक्ट केलेली लाईन काढून ईएलसीबी परत मधे घ्या. पडू दे दिवसातून दहा वेळा. तिसऱ्या माणसाने आजार बरा केला नाही, घंटा बंद केली.

ती काय करते ते सांगतो (आता दुकानात मिळते ती आरसीसीबी असते, बोलताना सगळे ईएलसीबीच म्हणतात). ती फक्त एवढंच बघते की फेजमधून जेवढा करंट घरात गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का. कमी आला तर मधला करंट कुठंतरी जमिनीत चाललाय, भिंतीतून, गीझरच्या पाण्यातून किंवा माणसाच्या अंगातून. घरातली आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची असते, म्हणजे एवढा फरक दिसायच्या आत ती पडते. तुमचा छताचा पंखा ७५ वॅटचा धरला तर तो ३०० मिलिअँपिअरच्या वर घेतो, म्हणजे पंखा जेवढा करंट घेतो त्याच्या दहाव्या भागावर ही पडते, आणि माणसाचं हृदय थांबायला त्याहून फार जास्त लागत नाही. एमसीबीला ह्यातलं काहीच कळत नाही, १६ अँपिअरची एमसीबी माणूस चिकटला तरी पडणार नाही. दोन लहान मुलांच्या घरात ती काढून टाकणं मला खरंच बघवत नाही.

आता ती का पडते. पुराचं पाणी स्वच्छ नसतं, गाळ असतो. भिंतीतल्या कन्सिल्ड पाईपमध्ये तो गाळ जाऊन बसलेला असतो, उन्हाळ्यात वाळतो, पावसाळ्यात भिंत ओल धरते की परत ओला होतो आणि जिथं वायरचं कातडं सोललंय किंवा जोड आहे तिथून थोडा थोडा करंट भिंतीत जायला लागतो. म्हणून फक्त पावसाळ्यात. दुसरा माणूस "अर्थिंग जास्त झालंय" म्हणाला, असं काही नसतं, लीकेज होतंय एवढाच त्याचा अर्थ.

शोधायचं कसं हे इलेक्ट्रिशियनला माहीत असायला हवं पण तुम्हालाही माहीत असू दे म्हणजे समोरचा अंदाजाने काम करतोय का ते कळेल. सगळ्या एमसीबी खाली करून आरसीसीबी वर करायची आणि मग एक एक एमसीबी वर करत जायचं, जिच्यावर पडली त्या लाईनवर फॉल्ट. हे बहुतेक जण करतात. पण पुष्कळदा असं होतं की दोषी लाईन बंद असते आणि तरीही दुसऱ्याच खोलीत गीझर नाहीतर इस्त्री लावली की आरसीसीबी पडते, मग माणूस गोंधळतो आणि म्हणतो आरसीसीबीच खराब. कारण घरातली साधी एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल तोडत नाही. न्यूट्रलची वायर कुठं भिंतीला किंवा अर्थला लागली असेल तर सगळ्या एमसीबी बंद करून ती सापडत नाही, डीबीतल्या न्यूट्रलच्या पट्टीवरून एक एक वायर सोडवून बघावी लागते, मेन बंद करून अर्थात. इन्व्हर्टर असेल तर तेही बघायला सांगा, इन्व्हर्टर बसवणाऱ्याने दोन लाईनचे न्यूट्रल एकत्र बांधून ठेवलेले असतात आणि मग आरसीसीबी बिचारी विनाकारण पडते. आणि अंगणातला दिवा, गेटचा दिवा, विहिरीचा पंप, ह्या तीन गोष्टी कोकणात सगळ्यात आधी सोडवून बघाव्या.

ह्या कामाला मेगर नावाचं मीटर लागतं, ५०० व्होल्ट सोडून वायरचं इन्सुलेशन किती शाबूत आहे ते सांगतं, किमान १ मेगओहम तरी यायला पाहिजे. फोनवरच विचारा, "तुमच्याकडे मेगर आहे का?" नसेल तर त्याच्या हुशारीवर शंका नको घ्यायला, पण ह्या कामाला तो चालणार नाही.

आणि खरं सांगू का, छातीएवढ्या पाण्यात बुडालेले बोर्ड, सॉकेट, एमसीबी हे वाळवून वापरायचे नसतात, बदलायचे असतात. एकदम सगळं घर करायला पैसे नसतील तर ह्या दिवाळीच्या आत पाण्याच्या रेषेखालचे सगळे पॉइंट तोडून टाका आणि छातीच्या वरून केसिंगपट्टीतून नवीन लाईन फिरवून घ्या, दिसायला कमी पण पुढच्या पुरात वाचेल. ही रिवायरिंग करताना मात्र ओळखीवर काम देऊ नका, सरकारी लायसन्स असलेला कॉन्ट्रॅक्टर घ्या, म्हणजे काम झाल्यावर टेस्ट रिपोर्ट मागता येतो, पुढे लोड वाढवताना महावितरणलाही तो लागतो. कागदावर लिहून घ्या, मजुरी पॉइंटला किती, वायर कुठल्या कंपनीची, किती एमएमची, किती बंडल. दिव्या-पंख्यांना १.५, पॉवर सॉकेटला २.५, गीझर आणि एसीला ४. बंडल सहसा ९० मीटरचं असतं, सीलबंद तुमच्या समोर फोडायला सांगा. आयएसआय मार्काखाली सीएम/एल ने सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर नावाच्या सरकारी ॲपमध्ये टाकला की खरा का खोटा कळतं.

प्रश्न : पंखा हळू फिरतो, सुरू करताना हाताने ढकलावा लागतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो वाइंडिंग गेलंय, नवीन घ्या. (नांदेड)

उत्तर : आधी कंडेन्सर बदलून बघा म्हणावं. छताच्या पंख्याला बहुतेक २.५ मायक्रोफॅरडचा असतो, स्वस्त असतो आणि दहा मिनिटांचं काम आहे. ढकलल्यावर फिरतोय म्हणजे वाइंडिंग बहुतेक जिवंत आहे. पंखा बंद असताना हाताने फिरवून बघा, जड लागत असेल तर बेअरिंग. दोन्ही बघितल्याशिवाय नवीन पंखा घेऊ नका.

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी पुण्यात कोथरूडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. सेकंडहँड दीड टनाचा एसी घेतला. एसी चालू असताना गीझर लावला की एमसीबी पडायची. इलेक्ट्रिशियनने १६ ची काढून ३२ ची टाकली, आता पडत नाही, पण बोर्डाजवळची भिंत कोमट लागते. मालक म्हणतात एसी तुमचा, खर्च तुमचा. हे बरोबर आहे का?

उत्तर : मुलींनो, आज रात्री तो एसी लावू नका. भिंत कोमट लागते म्हणजे आतली वायर तापतेय.

एमसीबी ही एसीला किंवा गीझरला वाचवायला नसते, भिंतीतल्या वायरला वाचवायला असते. हिशोब करून बघा, २,००० वॅटचा गीझर भागिले २३० व्होल्ट, साधारण पावणेनऊ अँपिअर. दीड टनाचा जुना एसी १,६०० वॅट धरला तर सात. तेवढ्यात कोणी १,००० वॅटची इस्त्री लावली तर अजून सव्वाचार. झाले वीस. भिंतीत १.५ एमएमची वायर असेल, आणि जुन्या फ्लॅटमध्ये बऱ्याचदा असते, तर तिला पंधरा-सोळाच्या पुढे न्यायचं नाही. १६ ची एमसीबी पडत होती ती तिचं काम चोख करत होती. आता ३२ टाकली म्हणजे वीस अँपिअर तासन्‌तास वाहणार, वायर भिंतीत भाजत राहणार आणि एमसीबी शांत बसणार. ज्याने हे केलं त्याला परत बोलावू नका. एमसीबीचा आकडा वाढवायच्या आधी जो वायर किती एमएमची आहे ते बघत नाही त्याच्या हातात घर द्यायचं नाही, मग तो कितीही लवकर येणारा असो.

नीट काम म्हणजे एसीसाठी डीबीपासून वेगळी ४ एमएमची लाईन, अर्थच्या हिरव्या वायरसकट, आणि तिला तिची स्वतःची २० ची सी टाईप एमसीबी, कारण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर बराच जास्त करंट खेचतो. जुन्या लाईनवर परत १६. मीटररूमपासून फ्लॅटपर्यंत येणारी वायर पण बघून घ्या, ती बारीक असेल तर आतलं सगळं करून उपयोग नाही. ती तुमच्या मालकाच्या एकट्याच्या गळ्यात नाही, सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींत फ्लॅटच्या मेन स्विचपर्यंतच्या विजेच्या लाईनची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चात धरलेली आहे, मालकांनी सेक्रेटरीला अर्ज द्यावा.

खर्चाचं म्हणाल तर आधी लिव्ह अँड लायसन्सचं ॲग्रीमेंट काढून वाचा, त्यात दुरुस्तीचं कलम असतंच. एसी तुमचा, त्याची नवीन लाईन तुम्ही मागताय, त्यामुळे त्यात मालकांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण भिंतीतली लाईन तुम्ही जाताना घेऊन जाणार नाही, घराला राहणार, तेव्हा सामान मालकांचं आणि मजुरी तुमची असं बोलून बघा, माझ्या बघण्यात तरी बरेच मालक तयार होतात. आणि कोमट भिंतीचं त्यांना तोंडी नका सांगू, फोटो आणि दोन ओळी व्हॉट्सॲपवर पाठवा, लेखी असलं की कामं हलतात.

प्रश्न : आमचं गाव सातारा जिल्ह्यात. संध्याकाळी अचानक आमचे दिवे एकदम लख्ख झाले, टीव्ही आणि सेटटॉप बॉक्स जळाला, आणि पलीकडच्या आळीत दिवे मंद. गावातला एक पोरगा लाईनची कामं करतो, तो म्हणाला डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर, चढून बघतो, पाचशे द्या. आम्ही दिले. त्याने काहीतरी केलं आणि लाईट नीट झाली. पण वडील ओरडले की त्याला चढवायला नको होतं. कोण बरोबर?

उत्तर : वडील बरोबर आहेत. हजार वेळा बरोबर आहेत.

आधी झालं काय ते. गावात तीन फेज येतात आणि सगळ्यांचा न्यूट्रल एक. तो न्यूट्रल डीपीवर किंवा खांबावर तुटला की घरांना २३० व्होल्ट मिळत नाहीत, दोन फेजमधले ४०० च्या आसपासचे व्होल्ट आपापसात वाटले जातात, ज्या आळीत लोड कमी तिथं जास्त, जिथं लोड जास्त तिथं कमी. म्हणून तुमचे दिवे लख्ख आणि पलीकडचे मंद. दिवे नेहमीपेक्षा जास्त पेटले, पंखा सुसाट सुटला की खुश व्हायचं नाही, धावत जाऊन मेन बंद करायचं, टीव्ही-फ्रिज वाचले तर तेवढ्यात वाचतात. आणि एकट्याच्याच घरात न्यूट्रल तुटला तर उलट होतं, काहीच चालत नाही पण सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो, लोक म्हणतात फेज आहे मग चालत का नाही, आणि बोटं घालून बघतात. नका बघू.

आता तो पोरगा. मीटरपर्यंतची लाईन महावितरणची, मीटरच्या पुढची आपली. खांब, डीपी, खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर ह्याला खाजगी इलेक्ट्रिशियनने हात लावायचाच नाही, कितीही हुशार असू दे. गावोगाव हे झिरो वायरमन असतात, लाईनमनबरोबर फिरून शिकलेले, हौसेने आणि पाच-पाचशे रुपयांसाठी चढणारे. खाली कोणीतरी "लाईट बंद केलीय" म्हणतो, दुसऱ्या बाजूने कोणाचा तरी इन्व्हर्टर किंवा जनरेटर उलटा सप्लाय देत असतो, आणि पोरगा वरच राहतो. त्याला ना विमा, ना नोकरी, ना त्याच्या आईला काही मिळत. तुम्ही पाचशे दिलेत ते वाईट हेतूने नाही दिले, पण पुढच्या वेळी तोच म्हणाला "चढतो" तर तुम्ही "नको" म्हणायचं. १९१२ ला फोन लावा, तो महावितरणचा टोल फ्री आहे, किंवा १८००-२३३-३४३५, तक्रारीचा नंबर लिहून घ्या आणि मग लाईनमनलाही फोन करा. तक्रार नोंदवलेली असली की त्याच्यावरही काम करायची जबाबदारी येते. ह्याला तास-दोन तास जास्त लागतील, लागू द्यात.

त्या पोराला घरातलं काम द्या. पत्र्यावरून घासत येणारी सर्व्हिस वायर असेल तर ती दाखवून तक्रार करायला सांगा, कपडे वाळत घालायची लोखंडी तार काढून नायलॉनची दोरी बांधा, पत्र्याला आणि तारेला करंट उतरून बायाबापड्या गेल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात असतात. कोणी चिकटलंच तर त्याला हात लावायचा नाही, मेन खाली, ते जमत नसेल तर कोरड्या जागेवर उभं राहून कोरड्या लाकडाने बाजूला ढकलायचं, १०८ ला फोन, श्वास नसेल तर छातीच्या मधोमध जोरात दाबत राहायचं, मिनिटाला शंभर-एकशेवीस वेळा, गाडी येईपर्यंत. खांबावरची मोठी लाईन तुटून पडली असेल तर लाकूड घेऊनही जवळ जायचं नाही, लांब थांबून फोन करायचा.

प्रश्न : मी कोल्हापूरचा इलेक्ट्रिशियन आहे, आयटीआय झालेला, नऊ वर्षं काम करतो. तुम्ही नेहमी गिऱ्हाईकांना सांगता, आमचं पण ऐका. मागच्या आठवड्यात दोन तास घालवून एक फॉल्ट शोधला, सापडला तो एक सैल स्क्रू, तो आवळला. साडेतीनशे मागितले तर बाई म्हणाल्या, स्क्रू आवळायचे साडेतीनशे? शंभर देऊन दार लावलं. त्यापेक्षा खोटं सांगून पार्ट बदलला असता तर पाचशे मिळाले असते. खरं वागून उपाशी मरायचं का?

उत्तर : मित्रा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि वरच्या सगळ्या पत्रांचं मूळ तुझ्या पत्रात आहे असं मला वाटतं. लोक वस्तूचे पैसे देतात, शोधण्याचे देत नाहीत, आणि मग पोरं वस्तू विकायला शिकतात. चिपळूणच्या पहिल्या माणसाने ईएलसीबी बदलली ती ह्याच्यामुळेच, शोधण्यात अर्धा दिवस गेला असता आणि त्याचे पैसे कोणी दिले नसते. वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे की माणूस रिकाम्या हाताने आला आणि रिकाम्या हाताने गेला, काहीच बदललं नाही, पण लाईट नीट झाली, तर त्याला पूर्ण पैसे द्या आणि जरा आनंदाने द्या, त्याने तुमचा नवीन पार्टचा खर्च वाचवलाय.

तुला सांगायचं तर, फोनवरच बोल, घरी जायच्या आधी. "बघायला येण्याचे एवढे, फॉल्ट शोधायला तासाचे एवढे, सामान लागलं तर त्याचं बिल तुमच्या समोर." मेसेज करून ठेव म्हणजे नंतर वाद नाही. पहिल्यांदा चार गिऱ्हाईकं जातील, खरंच जातील, ते गृहीत धर, महिना दोन महिने ओढाताण होईल. दुकानदाराचं कमिशन घेत असशील तर ते गिऱ्हाईकाला सांग किंवा घेऊ नको, दोन्हीकडून घेतलेलं कळतं आणि एकदा कळलं की गल्ली जाते. बिलबुक छापून घे, साधं, आणि त्यात "फॉल्ट शोधणे" अशी वेगळी ओळ ठेव, स्क्रू आवळण्याच्या वर. सापडलेला सैल स्क्रू, काळी पडलेली वायर आवळायच्या आधी गिऱ्हाईकाला बोलावून दाखव, मोबाईलमध्ये फोटो काढून त्यांना पाठव, त्या बाईंना तो काळा पडलेला स्क्रू दिसला असता तर मला नाही वाटत त्यांनी शंभर देऊन दार लावलं असतं. आणि निघताना डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, काय केलं ते दोन शब्दांत, आणि तुझा नंबर लिहून ये.